सेट नको, डोंगर मागा

(पोलीस बिनतारी विभागातून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आमचं गाव सह्याद्रीच्या आतल्या अंगाला आहे. मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर. गेल्या पावसाळ्यात रात्री गावात चोर शिरले. पोलिसांची गाडी शेजारच्या खोऱ्यात होती, पण ठाण्याचं तिच्याशी बोलणंच होईना. केंद्राने पोलिसांच्या आधुनिकीकरणाला २६ हजार कोटी दिल्याचं वाचलं होतं. मग आमच्याकडे डिजिटल वायरलेस का नाही? ग्रामपंचायतीने चार सेट घेऊन दिले तर चालतील का?
— एक सरपंच, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : सरपंच, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सेट घेऊन देऊ नका. पोलिसांची फ्रिक्वेन्सी दिल्लीहून, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मंजूर होते. ती सेटमध्ये भरायची ती खात्याच्याच माणसाने. बाहेरून आलेल्या सेटमध्ये ती घालायला कुणी धजावणार नाही. तुमचे सेट हार घालून स्वीकारले जातील, फोटो निघेल आणि ते कपाटात जातील.

आता २६ हजार कोटींचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने २६,२७५ कोटींची योजना मंजूर केली, २०२१-२२ ते २०२५-२६ अशा पाच वर्षांसाठी. त्यातले १८,८३९ कोटी जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि नक्षलग्रस्त भागाच्या सुरक्षा खर्चाचे. राज्यांच्या पोलिसांच्या आधुनिकीकरणाच्या वाट्याला आले ४,८४६ कोटी. तेही सगळ्या राज्यांत मिळून आणि त्यात शस्त्रं, वाहनं, प्रशिक्षणाचं सामान, वायरलेस असं सगळं आलं. महाराष्ट्रासाठी केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. राज्यांच्या पोलिसांच्या आधुनिकीकरणाची योजना मुळात १९६९-७० मध्ये सुरू झालेली. मी नोकरीला लागलो तेव्हाही ‘यंदाचा हप्ता आला का’ हेच ऐकत होतो.

गडचिरोलीत मी तीन वर्षं काढली. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ता बंद, वीज बंद, मोबाइलही बंद. बोलता यायचं ते आमच्या सेटवरच. तिथल्या वायरलेसला पैसा मिळतो तो नक्षलग्रस्त म्हणून, आणि मिळायलाच हवा. तुमचा तालुका ना नक्षलग्रस्त, ना शहर. पुण्या-मुंबईला आधी मिळतं, गडचिरोलीला वेगळं मिळतं, मधला डोंगराळ तालुका तसाच राहतो.

पण एक सांगतो, उद्या डिजिटल सेट आले तरी तुमच्या खोऱ्यात गाडी बोलेल याची खात्री नाही. जुन्या ॲनालॉग सेटवर दूर गेलं की खरखर वाढते. कान तयार झालेला ऑपरेटर त्या खरखरीतूनही ‘चोर’ आणि ‘शाळा’ एवढे दोन शब्द काढतो. डिजिटलचं तसं नाही. हद्दीपर्यंत आवाज स्वच्छ आणि मग एकदम गप्प. डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) पद्धतीत साडेबारा किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर दोन संभाषणं चालतात, गाडी कुठे आहे ते कंट्रोलला दिसू शकतं, चोरून ऐकणंही अवघड होतं. हे सगळं खरंच चांगलं आहे. पण पोलिसांचे सेट ज्यावर चालतात त्या व्हीएचएफ लहरी डोंगराच्या आरपार जात नाहीत, मग त्या डिजिटल असोत की ॲनालॉग. तुम्हाला हवा आहे तो खोऱ्यात आवाज पोचवणारा दुसरा रिपीटर, म्हणजे सेटचा आवाज उंचावर पकडून पुन्हा जोरात पुढे सोडणारं यंत्र. त्यासाठी लागतो एक डोंगर, त्यावर मनोरा, खोली आणि बॅटऱ्या.

बॅटऱ्यांवर मी जरा जास्तच बोलतो असं घरचे म्हणतात. आमच्या एका रिपीटरची खोली आठ बाय दहाची होती. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढायची. दोन तास चढून जायचं, गरम पाण्याने ब्रशने घासायचं, ग्रीस लावायचं, डिस्टिल्ड वॉटर घालायचं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं, नाहीतर पहिल्याच विजेत रिपीटर जळायचा. एकदा डिस्टिल्ड वॉटरचं साडेतीनशेचं बिल तीन महिने टेबलाटेबलावरून फिरलं. त्याच वर्षी नव्या सेटांचे खोके मात्र गाडी भरून आले होते. खरेदीला ‘योजना’ असते, डिस्टिल्ड वॉटरला ती नसते.

म्हणून मागणी अशी करा. ठाणेदारांना विनंती करून गाडीतला सेट चालू ठेवून वाडी-वस्तीवर फिरायला सांगा. कुठे स्पष्ट ऐकू आलं, कुठे तुटलं, कुठे काहीच नाही, हे गावनिहाय कागदावर येऊ द्या. तो कागद जोडून पोलीस अधीक्षकांकडे रिपीटरची मागणी करा. अधीक्षकांचा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीपुढे जाऊ शकतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. पोलिसांच्या गाड्या आणि सीसीटीव्हींना अनेक जिल्ह्यांत तिथूनच पैसे मिळालेत. प्रस्तावात पाच वर्षांची देखभाल आणि बॅटरी-बदल घातलाच पाहिजे, हे आग्रहाने सांगा. ग्रामपंचायतीला हातभार लावायचाच असेल तर उंचावरच्या जागेला हरकत नसल्याचा ठराव द्या आणि वरपर्यंतची पायवाट साफ ठेवा. त्या पायवाटेचं मोल वर बॅटरी वाहून नेणाऱ्यालाच कळतं.

आणि प्रस्तावात ‘ॲनालॉग व डिजिटल दोन्हींत चालणारे सेट’ असं लिहून घ्या. असे सेट मिळतात. मग सगळं एकदम बदलावं लागत नाही आणि शेजारच्या ठाण्याशी बोलणंही तुटत नाही.

प्रश्न : मग ग्रामसुरक्षा दलाच्या पोरांसाठी ऑनलाइन वॉकीटॉकी मागवले तर?
— तेच सरपंच, दुसऱ्या पत्रात

उत्तर : ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये चालणारे, कमी ताकदीचे सेट विनापरवाना वापरता येतात. त्यांना डब्ल्यूपीसीची ‘ईटीए’ मंजुरी (उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी मान्यता) आहे का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. स्वस्तातले पाच वॅटचे, कुठलीही फ्रिक्वेन्सी लावता येणारे सेट घेऊ नका. पोरं गंमत म्हणून पोलिसांच्या चॅनेलवर जातील आणि निस्तरायला तुम्ही. आणि खोक्यावर ‘रेंज १० किलोमीटर’ छापलेलं असतं, ते समुद्रावर. तुमच्या खोऱ्यात वेशीपासून देवळापर्यंत ऐकू आलं तरी पुष्कळ.