उत्तरात दुसऱ्याचे किती उतरावे

रामबाग, इंदूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद. मोडी कागदांविषयी आम्हां आठ जणांत ईमेलवर जो विचारविनिमय चालतो, त्यात तू आलास याचा आनंद आहेच. पण काल तुझे ‘हो, मला हे पटते’ एवढे चार शब्दांचे उत्तर वाचून झाल्यावर त्याखाली लोंबणारी सहा पत्रे, पाठवणाऱ्यांच्या सह्या आणि फोन नंबरांसकट, मला मोबाइलवर बोटाने सरकवीत पाहावी लागली, आणि तरीही ‘हे’ म्हणजे नेमके काय, ते कळले नाही.

ज्या वाक्याला उत्तर द्यायचे तेवढेच ठेवावे आणि त्याच्याखाली आपले म्हणणे लिहावे. मुद्दे दोन असतील तर दोन्ही वाक्ये ठेवून एकेकाखाली त्याचे त्याचे उत्तर द्यावे. इंटरनेटवरील शिष्टाचाराची जी मार्गदर्शिका ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या क्रमांकाने निघाली, तिनेही मूळ पत्राचा सारांश आरंभी द्यावा किंवा संदर्भ लागेल एवढाच मजकूर घ्यावा, असे सांगितले आहे. तुला त्यात नवे काही वाटू नये. तू जे पेशवाईतले कागद वाचतोस, त्यांतला कारकून हेच करी: आधी आलेल्या पत्रातला मजकूर थोडक्यात, मग ‘म्हणोन लिहिले, ते कळले’, आणि ‘ऐशियास’ आले की तेथून धन्याचे उत्तर सुरू. ईमेलमध्ये उताऱ्याच्या डाव्या कडेला येणारी उभी रेघ किंवा कोनासारखे चिन्ह त्या ‘ऐशियास’चेच काम करते, म्हणून ते पुसू नकोस, आणि ‘अमुक यांनी लिहिले’ ही वरची ओळही राहू दे.

कापताना मात्र फार जपावे, कारण मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेपटीला असतो. एका स्नेह्याने मला लिहिले होते, ‘हे पत्र होळकर दरबारातले नसावे असे मला वाटत नाही.’ मी ते ‘नसावे’पाशी तोडले आणि माझ्याच मताच्या त्या माणसाचे सर्वांदेखत हिरिरीने खंडन केले. त्याचा राग जायला दोन महिने लागले. तेव्हापासून वाक्य शेवटच्या क्रियापदापर्यंत घेतो, मधले गाळले तर तेथे टिंबे देतो, आणि दुसऱ्याचे शुद्धलेखन चुकले असले तरी उताऱ्यात ते सुधारत नाही. (लिप्यंतर करणाऱ्याला हे शेवटचे सांगायला नको.) तुला एकट्याला आलेल्या पत्रातले वाक्य सर्वांपुढे ठेवायचे असेल, तर लिहिणाऱ्याला आधी विचार, तो ‘नको’ म्हणाला तर विषय संपला.

आता कालचे उत्तर नव्याने पाठव. तुला पटले ते तारखेचे वाचन की शिक्क्याचे, ते त्या एका वाक्याखाली लिही, आणि बाकीचे सगळे खोडून टाक.

तुझा,
काका