गावाकडच्या आईवडिलांना ३ दिवस मुंबई दाखवायची आहे, काय काय दाखवावं? घरचे म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना त्यातलं काय समजणार?

तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं वाक्य वाचलं अन् राहवलं नाही, म्हणून लिहून राहिलो. अगदी हेच वाक्य माझ्या मोठ्या भावानं दोन वर्षांआधी दिवाळीत ओसरीत बसून म्हटलं होतं, अन् ते बी मायच्या समोर. "तिले ममईत काय समजते? एवढा पैसा घालण्यापेक्षा शेगावले ने, एका दिवसात वापस." माय शेगावले दरसाल जातेच, तिले कोणी नेऊन द्यायची गरज नाही. ती तेव्हा काही बोलली नाही, चिवड्याचं ताट उचललं अन् आत गेली.

आधी एक सांगतो, नाही तं पुढचं कळणार नाही. माय मुंबईले पहिल्यांदा जात नव्हती. २०१६ मध्ये बाबांना कॅन्सर निघाला तेव्हा ती त्यांच्यासोबत ७३ दिवस मुंबईत होती. परळला हॉस्पिटल अन् राहायला दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा. गाडगेबाबा आमच्याच भागातले, शेंडगाव म्हणजे अंजनगावच्या बाजूले, त्यामुळे मायले तिथं परकं वाटलं नाही असं ती आजही म्हणते. पण ७३ दिवस मुंबईत राहून या बाईनं समुद्र पाहिला नव्हता. दादर ते परळ, हातात फाईल अन् डबा, एवढीच तिची ममई. बाबा पुढच्या वर्षी घरीच वारले. दादाचं खरं म्हणणं हे होतं की तिले पुन्हा त्या शहरात नेऊ नको, सारं आठवीन. ते मी समजू शकतो. पण ते तसं न बोलता "तिले काय समजते" म्हणणं मले लागलं, आजही लागते.

तं मी जानेवारीत रिझर्वेशन केलं, बडनेऱ्याहून रात्रीची गाडी, मी, माय अन् माझी आठवीतली पोरगी. राहायले वडाळ्याले गावच्याच एका पोराकडे सोय झाली, तो तिकडं नोकरीले आहे.

सकाळी सीएसएमटीले उतरलो तेव्हाच माय थांबली. लोक धक्के मारत जाऊन राहिले अन् ही वर पाहत उभी. ते स्टेशन १८८७ चं, स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजानं बांधलेलं, २००४ पासून जागतिक वारशात आहे, हे सगळं मी वाचून गेलो होतो. पण मायनं पाहिले ते भिंतीवरचे मोर, खारी अन् पानं. म्हणे, "एवढं बारीक काम कोन पाह्यते इथं, साऱ्यायले तं घाई." बाहेर येऊन फाटकाजवळचे सिंह अन् वाघ पोरीनं दाखवले, सिंह इंग्रजांचा अन् वाघ आपला म्हणतात. या इमारतीले अर्धा तास तरी द्या, लोक आयुष्यभर तिथून जातात अन् मान वर करत नाहीत. रात्री लाइट लावतात तेव्हा समोरच्या बाजूनं पाहा.

वडाळ्याहून रोज हार्बर लाइननं यावं लागे. शिवडीनंतर एक स्टेशन येते, कॉटन ग्रीन. मायले अक्षरं वाचता येतात, तिनं पाटी वाचली अन् विचारलं हे काय नाव आहे. मी म्हटलं, कॉटन म्हणजे कापूस, इथं कापसाचा मोठा बाजार होता. जुन्या काळी फोर्टातल्या मैदानावर गठाणी पडायच्या, मग कुलाब्याले गेला बाजार, मग इकडं. माय म्हणे, "आपला कापूस?" मी म्हटलं, हो, आपला बी. दर्यापुरावरून जी शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरले जायची ना, ती त्याच कामासाठी होती. त्यावर ती पुढची तीन स्टेशनं गप्प होती, मले वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओव्हल मैदानात गेलो. तसं ते प्लॅनमध्ये नव्हतं, मले म्युझियम दाखवायचं होतं पण मायचे पाय दुखत होते म्हणून म्हटलं मैदानात बसू. समोर राजाबाई टॉवर. २८० फूट उंच, मुंबई विद्यापीठाच्या आवारात, १८७८ मध्ये पूर्ण झालेला. माझ्या पोरीनं विचारलं, राजाबाई कोणती राणी होती. तिले सांगता सांगता मी मायले बी सांगत गेलो अन् तिथंच आमची ट्रिप खरी झाली, म्हणून जरा लांबवतो.

राजाबाई राणी नव्हती. प्रेमचंद रायचंद म्हणून कापसाचा मोठा व्यापारी होता, त्याची ती आई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी लागली, तिकडचा कापूस इंग्लंडले जाणं बंद झालं, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी, मग इकडच्या कापसाले असा भाव आला की मुंबईत पैशाचा पूर आला. त्यात गुजरातचा कापूस होता, खानदेशचा होता अन् आमच्या वऱ्हाडचा बी होता. वऱ्हाड इंग्रजांनी निजामाकडून १८५३ मध्येच ताब्यात घेतला होता, कापसावर डोळा ठेवूनच. रेल्वे नागपुरापर्यंत १८६७ मध्ये पोचली, अन् खामगाव-अमरावतीचे फाटे त्यानंतर कापसासाठीच काढले. तं या प्रेमचंदनं त्या पैशातून टॉवरसाठी दोन लाख दिले, तेव्हाचे दोन लाख, अन् नाव आईचं दिलं. लोक सांगतात की तिले दिसत नव्हतं अन् दिवस बुडायच्या आत जेवायचा नेम होता, तं घंटा ऐकून तिले टाइम समजावा म्हणून घड्याळाचा टॉवर. अन् १८६५ मध्ये लढाई संपली, भाव धाडकन पडला, मुंबईतले मोठमोठे बुडाले, प्रेमचंद स्वतः बी बुडाला.

माय म्हणे, "म्हंजे तवाबी भाव पडलाच."

एवढंच बोलली. मंग टोला पडला. ती म्हणे थांब, अजून एक डाव वाजू दे. पाऊण तास आम्ही तिथं बसलो, पंधरा मिनिटांनी एक, असे तीन डाव ऐकले. पोट्टे क्रिकेट खेळून राहिले, एकदा बॉल आमच्याकडं आला तं मायनं उचलून फेकला. अन् मग माझ्याकडं न पाहता बोलली, "पन्नास वर्सं कापूस वेचला म्या. ओटी बांधून. धुऱ्यावर ढीग करा, गाडीत भरा, जिनिंगले गेला की सरलं. थो पुढं कुठं जाते हे मले कोनं सांगतलंच नाही." थोड्या वेळानं म्हणे, "तिचं तं नाव लावलं पोरानं."

आता सांगा, कोणाले काय समजत नाही?

मी बी.ए. शिकलो, दादा इंजिनिअर आहे, आम्ही दोघं किती डाव मुंबईले गेलो, आमच्यापैकी एकानं बी त्या टॉवरकडं पाहून आपल्या वावराचा विचार केला नव्हता. टॉवरवर दगडात माणसांचे पुतळे आहेत, पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे, त्यांचे पागोटे ओळखायचा मायनं खालूनच प्रयत्न केला. तिले एका तासात जे दिसलं ते मले चाळीस वर्षांत दिसलं नाही.

बाकीचं भराभर सांगतो. गेटवे पाहिलाच पाहिजे, १९२४ चा आहे, अन् इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ले याच दारातून बोटीत बसून गेली, हे आईवडिलांना नक्की सांगा, त्या पिढीले ते ऐकायले आवडते. माझ्या पोरीले बी शाळेच्या पुस्तकापेक्षा ते जास्त आवडलं. तिथून घारापुरीची बोट, तासभर लागते. मायनं समुद्र पहिल्यांदा बोटीतूनच पाहिला म्हणायला हरकत नाही. आदल्या संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर गेलो होतो पण तिथं ती पाण्यापेक्षा लोकांकडंच पाहत होती. बोटीत मात्र कठड्याले धरून पूर्ण तास उभी, ओढून बसवलं तरी बसली नाही. वर गुंफेपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत, डोली मिळते पण मायनं घेतली नाही, दम खात खात चढली. आतली ती तीन तोंडांची शंकराची मूर्ती वीसेक फूट उंच आहे, अंधारातून एकदम समोर येते. मायनं चप्पल बाहेर काढून ठेवली होती, तिथं पूजा होत नाही हे सांगितलं तरी ऐकलं नाही. म्हणे साळबर्डीच्या भुयारात शंकर आहे तोच इथं आहे, फक्त इथं कोणी बेल आणला नाही. संग आणलेले धपाटे तिथंच झाडाखाली खाल्ले, माकडांपासून पिशवी सांभाळा.

मॉलमध्ये नेऊ नका. हिरो-हिरोइनींचे बंगले दाखवणं म्हणजे भिंती अन् वॉचमन दाखवणं, त्यात अर्धा दिवस जाते. एका दिवसात सारी मुंबई दाखवणाऱ्या बसमध्ये बी बसवू नका, दहा मिनिटं उतरा, फोटो काढा, चढा, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे त्यातच जातात अन् ध्यानात काही राहत नाही. दिवसाले दोनच जागा ठरवा अन् बसायले वेळ ठेवा. हे माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, अजून कुठं जायचं? मले वाटलं महालक्ष्मी म्हणेल नाही तं सिद्धिविनायक. ती म्हणे, दादर. धर्मशाळेत. मी नाही म्हणणार होतो, दादाचं बोलणं आठवलं. पण नेलं. तिच्या ओळखीचं आता तिथं कोणीच नव्हतं, कसं असणार. बाहेर बाया स्वयंपाकाचं सामान घेऊन येऊन-जाऊन राहिल्या, एकीच्या हातात तशीच फाईल. माय तिच्याशी बोलली, कुठली तू, कोण आहे भरती, किती दिवस झाले. ती बाई वाशिमकडची निघाली. मायनं तिले सांगितलं की भाजी कोणत्या गल्लीत स्वस्त मिळते, अन् ती गल्ली आठ वर्षांनी बी तिथंच होती. मग लुगड्याच्या गाठीतून पाचशेची नोट काढून धर्मशाळेत दिली, पावती जपून ठेवली. रडली, हो. रस्त्यावर येऊन पाच मिनिटं रडली, माझा हात धरून. मग म्हणे चाल, चहा पाज.

दादाले हे सांगितलं तं तो म्हणे, "मी म्हटलं होतं ना, तिले आठवीन." अरे, ती काय विसरली होती का? रोज संध्याकाळी दिवा लावते तेव्हा काय मुंबईले जाऊन आठवते का तिले? दादा, तू इथं वाचतोस हे मले माहीत आहे. तिघांचे मिळून साडेअकरा हजार लागले, गाडीभाडं धरून. त्या पैशाले तू आजही उडवले म्हणतोस, म्हण.

आता तुमच्या कामाचं. मी सांगितलं तसंच तुमचं होईल असं नाही, मायले चालायची सवय आहे, सत्तरीजवळ असून बी वावरात जाते. तुमच्या वडिलांचे गुडघे खराब असतील तं घारापुरी सोडा किंवा डोली करा, अन् सोमवारी गुंफा बंद असतात हे पाहूनच दिवस ठरवा. पावसाळ्यात नेऊच नका, बोटीचा भरवसा नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, पण आपल्याकडं तेव्हाच वेचणी असते, तं पहिला-दुसरा वेचा झाल्यावर जा. लोकलमध्ये सकाळी अकराच्या आत अन् संध्याकाळी पाचनंतर चढू नका, आईले लेडीज डब्यात बसवलं तं सोबत घरची कोणी बाई पाहिजे, आमच्यासोबत पोरगी होती म्हणून जमलं. राजाबाई टॉवरवर चढायले मिळेल म्हणून जाऊ नका, ओव्हल मैदानातूनच चांगला दिसतो, चर्चगेटहून पायी जवळ आहे. म्युझियमचं मी सांगू शकत नाही, आमचं राहून गेलं. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडते, लोअर बर्थ मागा.

अन् जायच्या आधी आईले एकदा विचारा की तिले काय पाहायचं आहे. मी विचारलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी विचारलं.