कार्बन फायबरच्या प्लेटला भोक पाडताना खालची कड का फुटते?

तुम्ही लिहिलंय की फवारणीच्या ड्रोनसाठी ३ मिमी प्लेटला भोकं पाडली, वरून साफ दिसतात, पण खालून तुसं निघतात आणि थर सुटतो. स्पीड कमी करू का, असं विचारलंय.

स्पीडच्या आधी बिट बघा. आर्वीजवळ आमचं लेथचं दुकान आहे. पहिली प्लेट आली तेव्हा मी लोखंडाला लावतो तोच एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) बिट लावला. पाच-सात भोकांतच त्याची धार गेली. कार्बनचा तंतू जेमतेम ७ मायक्रॉन जाड, पण धार घासून खातो. मग बोथट बिट तंतू कापत नाही, वाकवून ओढतो. बोथट विळ्यानं ओली पऱ्हाटी कापून बघा, साल कशी लांब सोलत येते, अगदी तसंच.

खालची बाजू फुटते ती दाबानं. बिट शेवटच्या थरापर्यंत पोचतो तेव्हा खाली आधार उरत नाही. कापायच्या आधीच तो थर ढकलला जातो आणि राळेपासून, म्हणजे तंतू एकत्र धरणाऱ्या रेझिनपासून, सुटतो. म्हणून प्लेटखाली एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीचा) तुकडा घट्ट क्लॅम्प करा. नवा कार्बाइड बिट घ्या, आधी बारीक भोक पाडा, मग मापाचं. बिटच्या मधल्या टोकाचा दाब त्यानं बराच कमी होतो. बिट फिरण्याचा स्पीड कमी नका करू, फीड म्हणजे बिट खाली उतरवायचा वेग कमी करा, विशेषतः शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला. मात्र एकाच जागी बिट घासत ठेवलात तर राळ तापून मऊ पडते.

भिंगातून कड जरूर बघा. विणलेल्या प्लेटीत तुसं बहुधा चार ठिकाणी समोरासमोर दिसतील, बाकीची कड गुळगुळीत. तंतू धारेला ज्या कोनात भेटतो, त्यावर ते ठरतं. तुसं बारीक पॉलिश पेपरनं पाणी लावून काढा. पण थर सुटून पांढुरकी कड दिसत असेल, तर ती प्लेट मोटरखाली लावू नका. दहा लिटर औषध घेऊन ते यंत्र माणसांच्या डोक्यावरून जातं.

आणि धूळ. कंप्रेसरनं उडवू नका, व्हॅक्यूमनं ओढा, एन९५ मास्क लावा. ही धूळ वीज वाहून नेते. ड्रोनचं सर्किट उघडं असेल तर त्या टेबलावर काम करू नका. अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, लेकरांच्या अंगाला खाज सुटते.