डोंगरमाथ्यावरची झाडं घरच्या बागेत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एडेलवाइस (पांढऱ्या लवेचं डोंगरी फुलझाड) कडाक्याच्या थंडीत टिकलं, पण पावसाची झड लागताच मधोमध काळं पडून कुजलं. असं का?

उत्तर : डोंगरावर हिवाळाभर ते बर्फाखाली असतं. तिथं तापमान शून्याच्या आसपास राहतं आणि पाणी गोठलेलं असल्यामुळे मुळं फारशी भिजत नाहीत. बागेत खोड-मूळ जुळतं तिथंच ओल साचते आणि कुजणं सुरू होतं. म्हणून एक भाग माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत आणि दोन भाग ३ ते ६ मिमीची धुतलेली खडी घ्या. बारीक वाळू नको, ती पोकळ्या बुजवते. रोप लावल्यावर बुंध्याभोवती २ सेंमी खडी पसरा. कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची सवय मात्र सोडाच. वरचं मिश्रण पाण्यानं गच्च भरल्याशिवाय पाणी खालच्या खडीत उतरत नाही, त्यामुळे ओल उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो. पावसात वर काच किंवा पारदर्शक पत्रा धरा, बाजू उघड्याच हव्यात.

प्रश्न : उन्हाळ्यात रोज पाणी घालूनही जेन्शियन (बहुधा निळ्या फुलांचं डोंगरी झाड) सुकतं.

उत्तर : दोष बहुधा रात्रीचा. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे या झाडांना थंड रात्रींची सवय असते. रात्र उबदार असली की दिवसा तयार केलेली साखर श्वसनातच खर्च होते. फक्त सकाळचं ऊन द्या. मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा; बाष्पीभवनानं मुळं गार राहतात. दमट हवेत हा उपाय फिका पडतो. मिश्रण ओलं असून पानं मलूल दिसली तर पाणी थांबवा, कारण कुजलेली मुळं ते ओढू शकत नाहीत. रात्री सतत गरम असतील तर जेन्शियनचा हट्ट नको, सेम्परव्हिव्हम (जाड, रसाळ पानांचं झाड) लावा.

प्रश्न : बी उगवतच नाही. फ्रिजमध्येही ठेवलं होतं.

उत्तर : कोरडंच ठेवलं असेल. थंडीचा उपयोग भिजलेल्या बियांनाच होतो. दमट वाळूत मिसळून पिशवीत घाला आणि २ ते ५ अंशांत सहा ते आठ आठवडे ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मग वाळूसकट पसरून पेरा, वर मातीचा जाड थर देऊ नका. जेन्शियनच्या बियांना उजेड लागतो. कुंडी लगेच रिकामी करू नका, काही बिया पुढच्या वसंतात उगवतात.

प्रश्न : खत किती?

उत्तर : वसंतात एकदा, कमी नत्राचं, निम्म्या मात्रेत. जास्त दिलं की एडेलवाइस उंच आणि हिरवट होतं, पांढरी लव विरळ पडते.