न्हाणीघराच्या भिंती : टाइल लावण्यापूर्वीची तयारी

प्रश्न : डोंबिवलीत १९८७ साली बांधलेल्या तीन मजली इमारतीत आमचा फ्लॅट आहे. न्हाणीघर चार फूट बाय सहा फुटांचे असून भिंतींना चार फुटांपर्यंत मूळच्या पांढऱ्या टाइल्स आणि त्यांच्या वर ऑइलपेंट आहे. आता छतापर्यंत १२ बाय २४ इंचांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स लावायच्या आहेत. एक मिस्त्री म्हणतात, जुन्या टाइलवरच नवी टाइल चढवू, ऑइलपेंटला टाचे (छन्नीचे छोटे खड्डे) मारू आणि चार दिवसांत काम उरकू. दुसरे म्हणतात, विटेपर्यंत फोडायचे नसेल तर मी काम घेणार नाही. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या इमारतीचे वय पाहता दुसऱ्या मिस्त्रींचे ऐकावे, असे मी निःशंकपणे सांगेन. टाइलवर टाइल मुळीच चालत नाही असे नव्हे. खालची टाइल सर्वत्र भरीव, म्हणजे मागे पोकळी नसलेली असेल आणि त्या कामासाठीचे चांगल्या प्रतीचे ॲडेसिव्ह वापरले, तर ती पद्धत टिकते. मात्र त्या काळातल्या बांधकामात भिंतीतले पाइप बहुधा जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात आणि ते एव्हाना आतून गंजत आलेले असण्याची शक्यता मोठी असते. त्यांच्यावर टाइलचे दोन थर चढवले आणि वर्षा-दोन वर्षांत एखादा पाइप गळू लागला, तर नव्या टाइलसकट सगळेच फोडावे लागेल. शिवाय एवढ्याशा जागेत प्रत्येक भिंत अर्धा-पाऊण इंच पुढे येते, नळांची तोंडे आत बुडतात आणि दाराच्या चौकटीशी कड जुळत नाही.

भिंतीची अवस्था आपणही तपासू शकता. एक नाणे घेऊन प्रत्येक टाइलच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर हलकेच वाजवावे. भरीव टाइलचा आवाज टणक आणि आखूड येतो, पोकळ टाइल मडक्यासारखी वाजते. नळाच्या आसपास आणि जमिनीलगतच्या दोन ओळींत हा फरक बहुधा लगेच कानावर येतो.

ऑइलपेंटवर नुसते टाचे मारून टाइल लावू देऊ नये. ठाण्यातल्या एका घरी अशा भिंतीवरून गळून पडलेली टाइल मी उलटून पाहिली होती. पाठीवरच्या मालाला, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाला, फिक्या निळ्या रंगाचा पापुद्रा जवळजवळ अखंड चिकटून आला होता आणि त्यावर टाच्यांचे ठिपके वीतभर अंतराने विखुरलेले होते. मालाने आपले काम चोख केले होते. त्याने धरले होते रंगाला, आणि रंगाने भिंत सोडली होती. टाइल कितीही महाग घेतली, तरी तिचे वजन शेवटी तिच्या मागच्या सर्वांत दुबळ्या थरावर असते. म्हणून रंग, पुट्टी, निरू (गिलाव्यावरचा चुन्याचा गुळगुळीत थर), लोणा (क्षार) लागलेला भुसभुशीत गिलावा, यांपैकी काहीही मागे राहता कामा नये.

फोडकाम छन्नी-हातोड्यानेच करून घ्यावे. न्हाणीघराच्या आडभिंती बहुधा अर्ध्या विटेच्या, म्हणजे साधारण साडेचार इंचांच्या असतात. त्यांना विजेवर चालणारा ब्रेकर लावला, तर पलीकडच्या खोलीचा गिलावाही सुटतो. बीम आणि कॉलमला घाव घालू नयेत. तिथे सळई उघडी पडून गंजलेली दिसली, तर तिची दुरुस्ती आधी, भिंत नंतर. विटा उघड्या झाल्या की त्यांच्यामधले सांधे अर्धा इंच खोल उकरावेत, तारेच्या ब्रशने घासावेत आणि भिंत धुऊन काढावी. नव्या गिलाव्याला पकड मिळते ती या उकरलेल्या सांध्यांत. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे ते टाळले जाते, तेव्हा आपण स्वतः उभे राहून ते करून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

नवे पाइप टाकताना अर्ध्या विटेच्या भिंतीत लांब आडवी खाच पाडू देऊ नये. उभी खाचही भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नसावी. खाच बुजवण्यापूर्वी पंप लावून पाइपांत दाब धरावा आणि चोवीस तासांत काटा उतरत नाही, हे डोळ्यांनी पाहावे. बुजवलेल्या खाचांवर आणि वीट व काँक्रीट जिथे मिळतात त्या रेषेवर जाळी ठोकावी, नाहीतर नेमक्या तिथेच चीर उमटते.

गिलावा एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) प्रमाणाचा, वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेला आणि बारा ते पंधरा मिलिमीटर जाडीचा असावा. भिंत ओळंब्यात आणि कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत ना, हे याच टप्प्यावर तपासायचे असते. सहा फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीला उभी, आडवी आणि तिरकी टेकवावी. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. आपली टाइल दोन फूट लांब आहे, त्यामुळे भिंतीतला लहानसा फुगाही तिच्या कडेला दिसेल, आणि ॲडेसिव्हचा थर चार-सहा मिलिमीटरचाच असल्याने तो फुगा त्यात लपवता येत नाही. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. म्हणूनच नुसत्या सिमेंटच्या मालावर ती भरवशाने धरत नाही आणि ॲडेसिव्ह घ्यावेच लागते. गिलाव्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवायला सांगावे. मिस्त्री सवयीने तो घोटून गुळगुळीत करतात, पण इथे ती सफाई आपल्याला नको आहे.

त्यानंतर सात दिवस दिवसातून दोन-तीनदा पाणी मारावे आणि मग किमान दोन-तीन आठवडे भिंत वाळू द्यावी. सिमेंटचा गिलावा वाळताना आकसतो आणि हे आकसणे पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असते. टाइल मात्र आकसत नाही. ओल्या गिलाव्यावर टाइल बसवली, तर दोघांमधला थर ताणला जातो, आणि आज भरीव वाजणारी टाइल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पोकळ होते. चार दिवसांत काम उरकण्याचे आश्वासन मला खटकते ते यासाठीच. घरात दुसरे न्हाणीघर नसेल, तर महिनाभराची सोय काम सुरू करण्यापूर्वीच लावून ठेवावी.

शेवटी वॉटरप्रूफिंगचा लेप. सिमेंट आणि पॉलिमरच्या लेपाचे दोन हात द्यावेत, पहिला आडवा आणि दुसरा उभा. शॉवरच्या भिंतींना तो सात फुटांपर्यंत, उरलेल्या भिंतींना निदान फूटभर आणि जमिनीवर सर्वत्र हवा. भिंत आणि जमीन मिळतात तो कोपरा आधी मालाने गोलसर करून त्यावर जाळीची पट्टी बसवावी. गळती बहुतेक वेळा याच कोपऱ्यातून आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या तोंडाच्या, कडेने सुरू होते. लेप पुरता सुकल्यावर ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या शेजाऱ्यांना छत पाहायला सांगावे. छत कोरडे असेल, तरच टाइलच्या पेट्या उघडाव्यात.

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये बाल्कनीलगतच्या खोलीचा कोपरा वेगळा काढून न्हाणीघर करायचे आहे. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) असून तिच्यावर जिप्समचा गिलावा आहे. तो अगदी सरळ आणि गुळगुळीत असल्यामुळे त्यावरच टाइल लावली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. जिप्सम ओलाव्याने मऊ पडतो, आणि ओलाव्यात सिमेंटशी त्याचा संयोग होऊन जो पदार्थ बनतो, तो फुगतो व टाइलला भिंतीपासून ढकलतो. न्हाणीघरात येणाऱ्या भागातला सगळा जिप्सम ब्लॉकपर्यंत खरवडून काढावा. एएसी ब्लॉक फार तहानलेला असतो, गिलाव्यातले पाणी ओढून घेतो आणि मग सिमेंटची ताकद अर्धवट राहते. म्हणून ब्लॉकवरची धूळ झटकून तो ओलसर करावा, गिलाव्याला पकड देणाऱ्या बाँडिंगच्या द्रावणाचा हात द्यावा आणि मगच सिमेंटचा गिलावा चढवावा. खोली आधी कोरडी होती, तेव्हा सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि खालच्या मजल्यावर त्या जागी काय आहे, हेही आधी पाहावे.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचे जांभ्याचे जुने घर आहे. न्हाणीघराच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. गणपतीपूर्वी टाइल लावून ती झाकून टाकावी, असा घरात विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : टाइलने ओल झाकली जाते, थांबत नाही. जांभा सच्छिद्र असल्याने बाहेरून पाणी पितो आणि आतल्या बाजूने वाळतो. आतली बाजू टाइलने बंद केली, की तेच पाणी शेजारच्या खोलीत डोके काढते. आधी बाहेरचा गिलावा, पागोळ्यांचे पाणी आणि पायाजवळचा उतार दुरुस्त करावा आणि टाइलचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत घ्यावे. भिंत वाळली की नाही, हे पाहण्यासाठी दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा. चोवीस तासांनी तो सोडवताना आतल्या बाजूला दव साचलेले दिसले, तर आणखी पंधरा दिवस थांबून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.