वाचकांचे प्रश्न : ‘आंकोर, येश्चो आंकोर!’ आणि कर्नलचे दोन संसार

रशियन दिग्दर्शक प्योत्र तदरोव्स्कीच्या १९९२च्या या चित्रपटाचं नाव एका जुन्या चित्रावरून घेतलं आहे, असं ऐकलं. कोणतं चित्र? कथेशी त्याचा काय संबंध? — एक वाचक, सांगली

रशियन चित्रकार पावेल फेदोतोवचं चित्र. १८५१-५२च्या सुमारास काढलेलं, आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहे. आकाराने लहानसंच. मेणबत्तीच्या उजेडातली कोंदट झोपडी, बाकावर पालथा पडलेला अधिकारी आणि त्याने धरलेल्या काठीवरून उडी मारणारं पूडल कुत्रं. ‘पुन्हा, आणखी एकदा’ एवढाच नावाचा अर्थ. लढाई नाही, काम नाही, संध्याकाळ सरता सरत नाही. फेदोतोव स्वतः दहा वर्षं सैन्यात अधिकारी होता, त्यामुळे सैनिकी आयुष्यातला हा कंटाळा त्याने पुरेपूर ओळखला होता.

तदरोव्स्कीलाही छावणी आतून माहीत होती. १९२५चा जन्म, दुसऱ्या महायुद्धात मॉर्टर (उखळी तोफा) प्लाटूनचा कमांडर, जर्मनीतल्या एल्ब नदीपर्यंत गेलेला आणि त्यानंतर १९४९पर्यंत कोस्त्रोमाजवळच्या छावणीत नोकरी. म्हणूनच इथली माणसं युद्धपटातल्या वीरांसारखी वागत नाहीत. युद्ध संपलं आहे, बर्फ पडतो आहे, आणि आघाडीवर जगायचं कसं हे पक्कं ठाऊक असलेल्यांना घरात जगता येत नाही.

कर्नल विनोग्रादोवला एकीकडे कायद्याची बायको तमारा आणि मुलं, दुसरीकडे आघाडीवर भेटलेली ल्यूबा. घटस्फोट घेऊन तो मोकळा का होत नाही? इतका सोपा मार्ग असताना कथा ओढूनताणून पुढे नेल्यासारखी वाटते. — एक वाचक, नाशिक

मार्ग सोपा नव्हता. सगळा चित्रपट याच अडचणीवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९२६च्या रशियन कुटुंब कायद्यात नोंदणी न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही मान्यता होती. ८ जुलै १९४४च्या सोव्हिएत हुकमाने ती काढून घेतली. त्या दिवसापासून पतिपत्नीचे हक्क फक्त नोंदणी झालेल्या विवाहाला. आधीपासून एकत्र राहणाऱ्यांना मागाहून नोंद करायची मुभा दिली होती, पण दोघांपैकी एकाचं लग्न आधीच नोंदलेलं असेल तर ती निरुपयोगी. ल्यूबासारख्या बाईची कोंडी नेमकी इथे होते.

घटस्फोटाची पद्धत अशी होती : अर्जासोबत १०० रुबल भरायचे. दाव्याची सूचना स्थानिक वर्तमानपत्रात छापायची. मग खालच्या लोकन्यायालयात सुनावणी, पण त्याला घटस्फोट देण्याचा अधिकारच नाही. त्याने समेटाचा प्रयत्न करायचा. तो फसला तर वरच्या न्यायालयात नव्याने अर्ज. तिथे मंजुरी मिळाली की आणखी ५०० ते २००० रुबल, किती ते न्यायालय ठरवणार. कर्नलला पैशांपेक्षा वर्तमानपत्रातली सूचना महाग पडायची. ज्याने शेकडो सैनिकांना शिस्त लावायची, त्याचं घर सगळ्या गावाने वाचायचं! शिवाय पत्नीने सैन्यातल्या राजकीय विभागाकडे तक्रार केली, की खाजगी गोष्ट कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीत चर्चेला येणार. ही कडक पद्धत थेट डिसेंबर १९६५मध्ये सैल झाली.

आता ल्यूबाच्या बाजूने पाहा. आघाडीवरच्या अशा स्त्रियांना सैनिकी बोलीत ‘पे-पे-झे’ म्हणत, म्हणजे मोहिमेवरची बायको. लढाईत ती सोबत होती, पण कागदावर ती कोणीच नाही. डोक्यावरचं छप्पर कर्नलच्या मर्जीवर. मूल झालं तर त्याला बापाचं आडनाव नाही, बापाकडून पोटगी नाही. एकट्या आईला सरकारी मदत मिळायची, एक मूल असेल तर महिना १०० रुबल. तरुण लेफ्टनंट पोलेतायेव तिच्या प्रेमात पडतो तेव्हा तिला त्यात निव्वळ तारुण्य दिसत नाही. सरळ नावाने जगता येईल अशी वाट दिसते. ल्यूबा झालेल्या इरिना रोझानोवाने ही आशा आणि धास्ती एकाच चेहऱ्यावर धरली आहे. आमच्या मते चित्रपटातलं सर्वांत मोठं काम तिचं आहे. वालेंतिन गाफ्तच्या कर्नलपेक्षाही, आणि गाफ्त उत्तमच आहे.

खांद्यावरच्या ताऱ्यांवरून हुद्दा ओळखायला गेलो आणि फसलो. तीन तारे म्हणजे कॅप्टन ना? — एक निवृत्त सैनिक, सातारा

आपल्याकडे होय, तिथे नाही. सोव्हिएत पट्ट्यावर आधी उभ्या रेघा मोजायच्या, मग तारे. एक रेघ म्हणजे कनिष्ठ अधिकारी, तारे लहान : एक तारा कनिष्ठ लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, तीन वरिष्ठ लेफ्टनंट, चार कॅप्टन. दोन रेघा म्हणजे वरिष्ठ अधिकारी, तारे मोठे : एक मेजर, दोन लेफ्टनंट कर्नल, तीन कर्नल. तीन तारे दोन्हीकडे येतात, घोटाळा तिथेच होतो. हे पट्टे १९४३च्या सुरुवातीला आले. त्याआधीच्या काळावरच्या चित्रपटांत कॉलरवरच्या खुणा पाहाव्या लागतात.

आमच्या फिल्म सोसायटीत हा चित्रपट दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी? — एक कार्यकर्ती, पुणे

पहिली अडचण नावांची. एकाच माणसाला हुद्द्याने, आडनावाने, नाव आणि पितृनामाने आणि लाडक्या नावानेही हाक मारतात. व्लादिमीरचा वोलोद्या होतो. पहिल्या वीस मिनिटांत प्रेक्षक हरवतात, मग शेवटपर्यंत चाचपडतात. दारातच अर्ध्या पानाचा कागद द्या. त्यावर पाच नावं पुरे : कर्नल विनोग्रादोव, तमारा, ल्यूबा, पोलेतायेव (येवगेनी मिरोनोव) आणि क्र्युकोव दांपत्य (सेर्गेय निकोनेन्को, येलेना याकोव्लेवा). प्रत्येकाची सगळी संबोधनं एका ओळीत लिहा.

उपशीर्षकांची फाइल आदल्या दिवशी पूर्ण लांबीभर तपासा. सुरुवात जुळते म्हणून निर्धास्त राहू नका. फाइल सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेमच्या) प्रतीसाठी केलेली आणि तुमची प्रत २४ची असेल, तर दर मिनिटाला सुमारे अडीच सेकंदांचा फरक साचत जातो. अशा वेळी पुढेमागे सरकवून भागत नाही, वेग बदलावा लागतो.

प्रास्ताविकात १९४४चा हुकूम तीन वाक्यांत सांगा, शेवट सांगू नका. फेदोतोवचं चित्र पडद्यावर आधी दाखवा. दारू आणि शरीरसंबंध हे विषय उघडपणे येतात, तेव्हा शाळकरी मुलांसाठी हा खेळ नको.

याला विनोदी चित्रपट म्हणतात. मला हसू आलं, मग त्याची लाज वाटली. — एक वाचक, बेळगाव

लाज वाटू देऊ नका. बराकीच्या भिंती पातळ. भांडण, रुसवा, समेट सगळं शेजाऱ्यांसमोर. दुसऱ्याची फजिती ऐकू आली की हसू येतंच, आणि ज्याची फजिती होते त्याला लपायला खोली नसते म्हणून तेच दुःख होतं. दिग्दर्शकाने दोन वेगळे प्रसंग जोडलेले नाहीत. हसण्याचं आणि दुःखाचं कारण एकच आहे. त्यामुळे हसणाऱ्याला सावरायला वेळ मिळत नाही.

रशियातल्या ‘निका’ पुरस्कारांत १९९२चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून याचीच निवड झाली. आवडला असेल तर पुढे तदरोव्स्कीचाच १९८३चा ‘वोयेन्नो-पोलेवोय रोमान’ पाहा. तिथेही ल्यूबा नावाची आघाडीवरची स्त्री आहे. युद्धानंतर ती रस्त्यावर खाद्यपदार्थ विकताना भेटते, तिच्यावर लांबून प्रेम केलेला सैनिक आता विवाहित असतो, आणि त्याच्या पत्नीच्या भूमिकेसाठी इन्ना चुरिकोवाला १९८४मध्ये बर्लिनच्या महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला. दोन्ही चित्रपट एकाच आठवड्यात पाहिलेत तर उत्तम. आधी १९८३चा, मग हा.