मीटर वडिलांच्या नावावर, सोलरचं अनुदान कुणाच्या खात्यात?

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमचं स्वतंत्र घर आहे. वडिलांनी स्वकष्टाने बांधलं, मृत्युपत्र केलं नाही. चार वर्षांपूर्वी ते वारले, वीजबिल अजून त्यांच्याच नावाने येतं. उन्हाळ्यात ते साडेतीन हजारांवर जातं, म्हणून पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचं सोलर बसवायचं आहे. एजंट म्हणतो, "नाव बदलत बसू नका, वडिलांच्याच नावाने अर्ज टाकू, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल." आई आमच्याकडे असते, बहीण सासरी. पुण्यातला थोरला भाऊ संमतीची सही देत नाही. त्याच्या मते सही दिली की घर गेलं. काय करावं?

उत्तर : एजंटचं आधी बघू. मयत माणसाच्या नावाने अर्ज टाकू नका. अर्ज, नेट मीटरिंगचा (सोलरची जादा वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करण्याचा) करार आणि अनुदान या तिन्ही ठिकाणी ग्राहक हयात असणं गृहीत धरलेलं आहे. करारावर वडिलांची सही करणार कोण? अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं, आणि मयताचं खातं चालू ठेवलेलं असेल तर तो आणखी एक घोटाळा. खोटी माहिती देऊन सरकारी पैसा घेतला तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ पर्यंत, म्हणजे फसवणुकीपर्यंत जाऊ शकतं. त्या वेळी एजंट हात वर करील. ओटीपी तुमच्या मोबाइलवर आलेला असेल.

आता भावाची भीती. ती निराधार आहे, पण तोंडी सांगून जाणार नाही. मीटरवरचं नाव म्हणजे घराची मालकी नव्हे. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार वडिलांच्या घरात आई, तुम्ही, भाऊ आणि विवाहित बहीण, प्रत्येकाचा एक चतुर्थांश हिस्सा आहे आणि बिलावरचं नाव बदलल्याने त्यात तसूभर फरक पडत नाही. हेच वाक्य नाहरकत पत्रात घाला : "ही संमती फक्त वीजजोडणीच्या नावातील बदलासाठी व गच्चीवर सौर यंत्रणा बसवण्यासाठी असून घरातील माझा हिस्सा मी सोडलेला नाही." हक्कसोड पत्राचं नावही काढू नका. त्या शब्दानेच भाऊ बिथरला असावा.

माझं स्पष्ट मत : जोडणी तुमच्या नावावर करून घेऊ नका, आईच्या नावावर करा. धाकट्याच्या नावाला अडणारा थोरला आईच्या नावाला सहसा अडत नाही. कर्ज घ्यायचं असेल तर सहकर्जदार म्हणून तुम्ही राहू शकता का, ते बँकेत आधी विचारून घ्या.

नावबदलासाठी मृत्यू दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची नाहरकत, आईचं आधार आणि घराचा उतारा किंवा घरपट्टीची पावती तयार ठेवा. कुणी न्यायालयाचं 'सक्सेशन सर्टिफिकेट' मागितलं तर ते बँकेतल्या ठेवी, शेअर आणि येणी यांच्यासाठी असतं, मीटरसाठी नाही, हे सांगा. अर्जाची पोच घ्याच. थकबाकी असेल तर आधी भरा. नव्या खरेदीदाराकडून जुनी थकबाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच घेता येते, पण ही सवलत वारसांना नाही.

अर्ज अडकतो तो बहुधा नावातच. बिलावर आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव आणि पासबुकात माहेरचं आडनाव असेल तर अनुदान लटकतं. बिलावर नाव लागतानाच ते आधार आणि पासबुकाशी अक्षरशः जुळवून घ्या.

नवं नाव छापलेलं बिल हातात आल्यावरच योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करा आणि विक्रेता तिथल्या नोंदणीकृत यादीतूनच निवडा. पॅनेलमधले सेल भारतीय बनावटीचे हवेत. नसले तर अनुदान नाही, म्हणून करारात तसं लिहून घ्या. अनुदान १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,०००. ते यंत्रणा सुरू झाल्यावर येतं, त्यामुळे विक्रेत्याचे पूर्ण पैसे आधी तुम्हालाच उभे करावे लागतील. 'अनुदान वजा करून उरलेले द्या' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. मंजूर भार (जोडणीला कंपनीने मंजूर केलेले किलोवॉट) कमी आहे म्हणून अर्ज फेटाळला, तर २०२४ मध्ये सुधारलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांकडे बोट दाखवा. १० किलोवॉटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मान्य समजायचा आणि लागेल तसा भार वाढवायचा, असं त्यात आहे. बिल मात्र अगदी शून्य होणार नाही, स्थिर आकार भरावाच लागेल.

भावाने तरीही सही दिली नाही तर? नावबदल आणि गच्ची हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वीज कायदा, २००३ चं कलम ४३ मालकाबरोबर ताबेदारालाही वीजपुरवठा मागण्याचा हक्क देतं, त्यामुळे ताब्याचा पुरावा आणि हमीपत्र जोडून आईचा अर्ज करा. वीज कार्यालयाने नकार दिला तर तो लेखी मागा आणि वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मंचाचा निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. गच्ची मात्र सामाईक आहे. भाऊ दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणू शकतो आणि तोवर तुमचे लाखभर रुपये अडकलेले असतील. म्हणून विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्याआधी भावाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. पॅनेलची जागा दाखवणारा गच्चीचा नकाशा जोडा, भावाचा गच्चीचा वापर आणि वाट मोकळी राहील असं लिहा, आणि वाटणी झाली तर यंत्रणा तुमच्या खर्चाने हलवाल हेही लिहा. त्याचं उत्तर येईपर्यंत आईच्या नावाचा अर्ज पुढे सरकू द्या, त्याला गच्ची आड येत नाही.